शेवटच्या पंचवीस मीटरला मुलगी ढेपाळते, तेव्हा

एका आईने विचारलं आहे: मुलगी तेरा वर्षांची, पाच वर्षं पोहते आहे. सरावात टायमिंग छान येतं, पण राज्य स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलला शेवटच्या पंचवीस मीटरला ढेपाळते आणि हातातोंडाशी आलेलं पदक जातं. कोच म्हणतात, पोरगी मनाने कच्ची आहे. तिला खंबीर कसं करायचं, सरावाच्या कोणत्या सवयी लावायच्या, आणि दोन वर्षांनी दहावी आली की काय करायचं? सोबत त्यांनी आकडेही दिले आहेत. शर्यतीतले पहिले ५० मीटर ३१.२ सेकंद, दुसरे ५० मीटर ३७.९, एकूण १ मिनिट ९.१. नुसत्या ५० मीटरमधली तिची सर्वोत्तम वेळ ३०.९.

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नुसत्या ५० ला जिची सर्वोत्तम वेळ ३०.९ आहे, ती १०० चे पहिले ५० मीटर ३१.२ मध्ये जात असेल, तर ती शंभर पोहतच नाही. ती पन्नास जीव तोडून पोहते आणि उरलेले पन्नास कसेबसे काढते. जातानाच्या आणि येतानाच्या वेळेत ६.७ सेकंदांचं अंतर पडलंय. तिच्या वयाच्या, बरी तयारी असलेल्या मुलीत ते अडीच-तीन सेकंदांच्या आसपास असावं. पडझड शेवटच्या पंचवीस मीटरला दिसते, पण ती घडते पहिल्या पंचवीसला.

ब्लॉकवर, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावर, उभं राहिलं की छाती धडधडत असते. स्पर्धेआधी सराव कमी केल्यामुळे अंग हलकं असतं. शिवाय पहिले दहाएक सेकंद स्नायू त्यांच्यात आधीच साठलेल्या ऊर्जेवर चालतात, त्यामुळे वेग फुकट मिळाल्यासारखा वाटतो. बाजूच्या लेनमधली मुलगी थोडी पुढे दिसली की आपलीही हातांचा वेग वाढवते. पुढे साठ-सत्तर मीटरला स्नायूंतली आम्लता वाढते, हातापायांत शिसं ओतल्यासारखं होतं. त्या क्षणी काठावरून 'जोर लाव, जोर लाव' ओरडून काही होत नाही. लावायचा जोर अर्ध्या मिनिटापूर्वीच खर्च झालेला असतो.

आता एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय: तिचा रोजचा सराव कुठल्या तलावात होतो? आपल्याकडे बहुतेक मुलं २५ मीटरच्या टँकमध्ये वाढतात आणि राज्य स्पर्धेला बालेवाडीसारख्या ५० मीटरच्या तलावात उतरतात. २५ मीटरमध्ये शंभर पोहताना तीन टर्न मिळतात. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय लावून ढकललं की चार-पाच मीटर वेगाने जातात आणि हातांना दीड-दोन सेकंद विसावा मिळतो. ५० मीटरमध्ये टर्न एकच. ७५ मीटरच्या खुणेवर, जिथे तिच्या शरीराला भिंतीची सवय आहे, तिथे नुसतं पाणी असतं. तुम्ही म्हणता तीच ती जागा! म्हणून २५ मीटरच्या टँकमधलं टायमिंग आणि ५० मीटरमधलं टायमिंग शेजारी ठेवून 'सरावात येतं, स्पर्धेत येत नाही' असा निष्कर्ष काढू नका. पोरीवर अन्याय होतो.

सराव लहान टँकमध्येच असेल तर दोन गोष्टी करा. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात जमेल तितक्या वेळा ५० मीटरच्या तलावात न्या, प्रवास करावा लागला तरी. आणि रोजच्या टँकमध्ये आठवड्यातून एकदा एखादा सेट (ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळा पोहणं) भिंतीला हात-पाय न लावता करायला सांगा. भिंतीच्या दोन-तीन मीटर आधीच पाण्यात वळायचं आणि जागेवरून पुन्हा वेग घ्यायचा. समुद्रात पोहणारी मुलं असा सराव करतात. मुलांना तो मुळीच आवडत नाही, पण भिंतीची सवय त्याने सुटते.

आता मनाबद्दल. मन यात नाही असं माझं म्हणणं नाही. मन आहेच, पण लोक शोधतात तिथे नाही.

पहिली कसोटी लागते ती पहिल्या पन्नासला मागे राहण्याची. तिने ३२.३ च्या आसपास जायचं आणि येताना ३५ च्या आसपास यायचं, म्हणजे एकूण १ मिनिट ७-८ सेकंद होतील. आजच्यापेक्षा किमान एक सेकंद कमी, आणि तेही जास्त ताकद न लावता. कागदावर हे सोपं दिसतं. पाण्यात मात्र २५ मीटरला दोन्ही बाजूच्या मुली अर्ध्या अंगाने पुढे दिसत असतात, काठावर आरडाओरडा असतो, आणि तरी आपण ठरवलेल्या वेगाने पोहायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीसाठी हे फार मोठं काम आहे. ते जिला जमलं, ती खंबीर.

दुसरी कसोटी दमल्यानंतरची. मी मुलांच्या खंबीरपणाची एकच व्याख्या करतो: दमल्यावर स्ट्रोक मोडू न देणं. सोसायची ताकद बहुतेक मुलांत असते. दमल्यावर नीट पोहण्याची सवय मात्र फार थोड्यांना लावलेली असते. तुम्ही पुढच्या वेळी तिच्या शेवटच्या पंचवीस मीटरचा व्हिडिओ काढा आणि घरी सावकाश बघा. आधी कोपर खाली पडलेलं दिसेल. हात पाणी पकडण्याऐवजी पाण्यातून घसरेल. मग हात लवकर बाहेर येईल, मांडीपर्यंत जाणारच नाही, आणि ती कमतरता भरून काढायला ती हात भराभर फिरवेल. श्वास प्रत्येक स्ट्रोकला, डोकं वर, आणि डोकं वर आलं की कंबर खाली. पाय जवळजवळ थांबलेले. स्ट्रोक मोजा: पहिल्या पन्नासला ४४ असतील तर परतताना ५२-५३ भरतील. आठ स्ट्रोक जास्त मारून ती हळू येते आहे. मेहनत कमी पडलेली नाहीच, ती पाण्यात वाया जाते आहे.

हे एकदा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की बोलण्याचा सूर बदलतो. 'मी घाबरट आहे' यावर तिला काही करता येत नाही. 'सत्तर मीटरला माझं कोपर पडतं' यावर सोमवारी सकाळी काम सुरू करता येतं.

त्यासाठी कोचशी बोलून आठवड्यात तीन गोष्टी बसवा. पहिली: ५० मीटर आठ वेळा, दर सव्वा मिनिटाला सुटायचं, प्रत्येक पन्नास ३५-३६ सेकंदांत, आणि स्ट्रोकची संख्या पहिल्यापेक्षा दोन-तीनने वाढली तर चालेल, त्याहून जास्त नाही. पाचव्या-सहाव्याला वेळ आणि मोजणी दोन्ही बिघडायला लागतात. तेव्हा एक पन्नास सोडायचं, काठाला धरून नीट श्वास घ्यायचा आणि पुढच्याला परत यायचं. वाईट स्ट्रोकने आठ पूर्ण करण्यापेक्षा नीट स्ट्रोकने सहा झाले तर मला जास्त आनंद होतो. काही कोचना हे पटत नाही, 'सोडायचं नाही' असं त्यांचं म्हणणं असतं. पण मोडलेला स्ट्रोक रोज घोटला की शर्यतीत तोच बाहेर येतो, हे मी मुलांच्या कितीतरी तुकड्यांत पाहिलंय.

दुसरी गोष्ट, तुटक शंभर: ब्लॉकवरून उडी मारून पन्नास, बरोबर ३२.३ च्या जवळ. भिंतीला दहा सेकंद थांबायचं. मग दुसरे पन्नास शर्यतीच्या वेगाने. एकूण वेळेतून दहा सेकंद वजा करायचे. यात पहिल्या पन्नासचा वेग अंगात मुरतो. घड्याळ न बघता पोहून काठावर आल्यावर तिला विचारायचं, किती झाले असतील? सुरुवातीला अंदाज दीड-दोन सेकंदांनी चुकतो. काही महिन्यांत तो अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. ज्या मुलीला आपला वेग आतून कळतो, तिला बाजूची लेन फारशी भुलवत नाही.

तिसरी, शनिवारी सगळा सराव संपल्यावर, अंग पूर्ण दमलेलं असताना, ब्लॉकवरून एकच शंभर. स्पर्धेचा पोशाख घालून, नाव पुकारून, बाकीची मुलं काठावर उभी. वेळ हळूच येणार, ती महत्त्वाची नाही. शेवटच्या पंचवीसला कोपर वर राहिलं का, एवढंच बघायचं आणि त्यावरच बोलायचं.

शर्यतीत स्वतःशी काय बोलायचं हेही आधी ठरवून ठेवावं लागतं. 'मी जिंकणार' वगैरे वाक्यं दमलेल्या मेंदूत टिकत नाहीत. दोन शब्दांच्या सूचना टिकतात. पहिल्या पंचवीसला 'सैल हात', टर्ननंतर 'कोपर वर', ७५ ला 'पाय, पाय'. शब्द तिचे तिने निवडावेत, तुम्ही किंवा कोचने देऊ नयेत. आणि सरावातल्या प्रत्येक कठीण सेटला तेच वापरावेत, म्हणजे शर्यतीच्या दिवशी ते आठवावे लागत नाहीत.

सवयींचं म्हणाल तर मी सगळ्यात जास्त लक्ष भिंतीवर देतो. २५ मीटरच्या टँकमध्ये चार किलोमीटरचा सराव केला तर दीडशेच्या वर वेळा भिंत येते. दर वेळी मूल काहीतरी शिकतच असतं, चांगलं किंवा वाईट. टर्ननंतर दोन्ही हात कानामागे ताणून, तळहातावर तळहात ठेवून निघतं, की हात उघडे ठेवून वर येतं? भिंतीच्या पाच मीटर आधी झेंड्यांची दोरी असते, तिथपासून भिंतीपर्यंत श्वास घेत नाही, की शेवटच्या स्ट्रोकला मान वळवतं? भिंत आली की हात लांबवून नुसतं तरंगत जातं, की पूर्ण वेगात बोटं भिंतीवर आपटतं? ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला दोन्ही हात एकाच वेळी लावतं का? स्पर्धेत बाद ठरवल्यावर रडणारी बहुतेक मुलं सरावात रोज एका हाताने टेकत असतात. टायमिंग बोर्डकडे बघून सुटायची वेळ झाली की चष्मा नीट करायला थांबणारं मूल, बॅकस्ट्रोकला हळूच लेनची दोरी ओढणारं मूल, वॉर्मअपचे शेवटचे दोन लॅप गाळणारं मूल, ही सगळी 'थोडं सोडलं तर कुठे बिघडतं' हे शिकत असतात. ७५ मीटरला नेमकं तेच सुचतं.

बोटं आपटायच्या सवयीची किंमत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेच्या एका शर्यतीत दिसते. सोळाव्या वर्षी, २००८ साली, तो बीजिंग ऑलिंपिकला पोहला. २०१० मध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला त्याने कांस्य मिळवलं. १९८६ मधल्या खजानसिंग यांच्या रौप्यपदकानंतर भारताला जलतरणात मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि अंतिम फेरीत २२.४७ मध्ये चौथा आला. कांस्यपदक २२.४६ ला गेलं. त्या वेगाला एका शतांश सेकंदात सव्वादोन सेंटिमीटर अंतर जातं, बोटाच्या एका पेराएवढं. इतक्या मोठ्या पातळीवरच्या पोहणाऱ्याला कुणी मनाने कच्चा म्हणणार नाही. ही गोष्ट मी मुलांना एवढ्यासाठीच सांगतो की सरावातल्या दर लॅपला भिंतीशी काय करता, ते मोजलं जातं.

एक वही ठेवायला सांगा. तिची तिने लिहायची, तुम्ही तपासायची नाही. रोज तीन ओळी पुरेत: आजचा मुख्य सेट आणि टायमिंग, स्ट्रोक कधी मोडला, किती तास झोप झाली. दोन-तीन महिन्यांनी त्या वहीत जे दिसतं ते कुठल्याही भाषणाने पटत नाही. झोप कमी त्या आठवड्यात टायमिंग पडलेलं असतं, परीक्षेच्या दिवसांत खांदा दुखलेला असतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री भीती वाटली तर ती वही चाळायला द्या. आपण काय काय केलंय याचा पुरावा तिच्याच अक्षरात असतो.

मनातल्या मनात शर्यत पोहण्याचा सराव लोक सुचवतात. तो खरंच उपयोगाचा आहे, पण डोळे मिटून पदक गळ्यात पडतंय असं बघणं म्हणजे तो सराव नव्हे. तिच्या हातात स्टॉपवॉच द्या. डोळे मिटून ब्लॉकवर उभी असल्याची कल्पना करायची, उडीबरोबर घड्याळ सुरू, प्रत्येक स्ट्रोक, टर्न, ७५ मीटरचं जडपण, सगळं क्रमाने, आणि भिंतीला हात लागला की घड्याळ बंद. सुरुवातीला ४० सेकंदांतच शर्यत संपते, कारण अवघड भाग मन गाळून टाकतं. घड्याळ १ मिनिट ७-८ सेकंदांच्या जवळ यायला लागलं, की समजायचं ती खरंच शेवटचे पंचवीस मीटरही पोहते आहे. आठवड्यातून तीनदा, झोपायच्या आधी, दोन-तीन मिनिटं.

त्यात बिघाडही घालावेत. चष्म्यात पाणी गेलं, टोपी सरकली, टर्नला पाय घसरला, मग काय करशील? २००८ मध्ये बीजिंगला मायकेल फेल्प्सच्या चष्म्यात २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत पाणी भरलं. शेवटी त्याला भिंत दिसत नव्हती. तो स्ट्रोक मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकला. कुठल्या लॅपला किती स्ट्रोक लागतात हे पाठ होतं, म्हणून ते शक्य झालं. तुमच्या मुलीला आपल्या पन्नासला किती स्ट्रोक लागतात हे माहीत आहे का, विचारून बघा. अधूनमधून कोचच्या देखरेखीखाली एखादा सेट चष्म्याशिवाय करायला हरकत नाही.

स्पर्धेच्या दिवसाबद्दल थोडं. आपल्याकडच्या स्पर्धा ठरल्या वेळी सुरू होतीलच असं नाही. उद्घाटन लांबतं, हीट्सची, म्हणजे प्राथमिक फेऱ्यांची, यादी बदलते, आठला पोहायचं असतं ती मुलगी साडेदहाला ब्लॉकवर जाते. वॉर्मअप करून ओल्या पोशाखात दोन तास फरशीवर बसलेलं मूल थंड पडतं, आणि त्याला आपण 'दडपण आलं' म्हणतो. पिशवीत कोरडा पोशाख, दोन टॉवेल, जुना स्वेटर आणि मोजे असू द्या. शर्यत तासाभराहून जास्त लांबली तर पुन्हा दहा मिनिटं पाण्यात उतरायचं. वॉर्मअपचा टँक नसेल तर दोरीवरच्या उड्या आणि खांद्यांचे व्यायाम. खायला केळं, राजगिऱ्याचा लाडू, थोडा दहीभात, जे घरी सरावाआधी खाते तेच. तेलकट वडापाव शर्यत संपल्यावर. शर्यतीआधी सगळ्यांना जिथे बसवून ठेवतात त्या कॉलरूममध्ये मुली एकमेकींना टायमिंग विचारतात, तिथेच अर्ध्या जणी हरतात. तिथे काय करायचं हे ठरलेलं असू द्या: टॉवेल खांद्यावर, नजर जमिनीवर, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ. छाती धडधडणारच, ती बंद करायची नाही. अंग तयार होत असल्याची ती खूण आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.

हीटमध्ये मागे राहून कडेची लेन मिळाली म्हणून मुलं आधीच हार मानतात. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ट्युनिशियाचा अहमद हफनाउई ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत आठवा, म्हणजे शेवटचा, पात्र ठरला होता. आठव्या लेनमधून, अठराव्या वर्षी, त्याने सुवर्णपदक जिंकलं.

आता ज्या गोष्टींना मनाचा कच्चेपणा समजलं जातं पण ज्या मनाच्या नसतात, त्या सांगतो. इथे पालकांनी जागं राहायला हवं, कारण कोचला त्या दिसत नाहीत.

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलींत रक्तक्षय आढळला. तुमची मुलगी १३ ची, पाळी सुरू झाली असेल, घाम गाळणारा सराव, त्यात घरी शाकाहार असेल तर लोह कमी पडणं अगदी शक्य आहे. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असेल तर ७५ मीटरला काय होणार? हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांच्या सल्ल्याने फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. माझ्याकडे 'आळशी' म्हणून आलेल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन ८ च्या घरात निघालं होतं. उपचारांनंतर काही महिन्यांनी तीच मुलगी सेटच्या शेवटच्या पन्नासला सगळ्यांच्या पुढे असायची.

पाळीबद्दल घरात मोकळेपणाने बोला, आणि कोच पुरुष असतील तर त्यांच्याशी तुम्ही बोला. त्या दिवसांत पोहायला हरकत नसते, पण पोट दुखत असताना मुलीने कारण न सांगता सेट सोडला की तिच्यावर 'नाटकं करते' असा शिक्का बसतो. तीन-चार महिने पाळी आलीच नाही तर 'सराव जास्त आहे म्हणून असेल' असं सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं.

या वयात अंग बदलतं. उंची वाढते, कंबर रुंदावते, पाण्यातला तोल बदलतो. वर्षभर टायमिंग जागचं हलत नाही, काही वेळा मागेही जातं. तेवढ्यात शेजारची, अजून लहान अंगाची मुलगी पुढे जाते. याच वर्षात किती तरी चांगल्या मुली पोहणं सोडतात. या काळात टायमिंगपेक्षा स्ट्रोकची संख्या, टर्न, भिंतीनंतर पाण्याखालून किती अंतर जातं, यांची नोंद ठेवा. त्यांत सुधारणा दिसत राहते आणि मूल टिकतं.

झोपेचं गणित तर कुणाचंच जमत नाही. तेरा ते अठरा वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेपाचला पाण्यात, म्हणजे पावणेपाचला उठायचं. शाळा, संध्याकाळचा सराव, क्लास, जेवण, अभ्यास, आणि झोपायला साडेदहा. सहा-सव्वासहा तास. या मुलीला स्पर्धेत धैर्य कुठून येणार? माझं स्पष्ट मत आहे, आठवड्यातले पहाटेचे एक-दोन सराव कमी करा, झोप कमी करू नका. कोच नाराज झाले तरी चालेल.

खांद्याच्या दुखण्यात फरक करायला शिकवा. दोन्ही खांदे भरून येणं, जड वाटणं, दुसऱ्या दिवशी उतरणं, ही मेहनत. एकाच खांद्यात पुढच्या बाजूला टोचल्यासारखी कळ, हात वर नेताना वाढणारी, रात्री त्या कुशीवर झोपू न देणारी, ही दुखापत. ती सांगणाऱ्या मुलीला 'सोस' म्हणायचं नसतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. मन घट्ट करायला म्हणून मुलांना पाण्याखाली श्वास रोखून लॅपवर लॅप मारायला लावतात, कोण जास्त टिकतं याच्या पैजा लावतात. हे जीवघेणं आहे. आधी भराभर खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे श्वास घ्यावासा वाटण्याची सूचनाच उशिरा येते. तोवर प्राणवायू इतका घटलेला असतो की मूल काहीही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतं. चांगलं पोहणारीच मुलं यात जातात, कारण तीच ताणत राहतात. तुमच्या टँकवर असं चालत असेल तर त्याच दिवशी थांबवायला सांगा. तसंच चुकलं की शिक्षा म्हणून दोनशे बटरफ्लाय. त्याने मूल कणखर होत नाही, बटरफ्लायला घाबरायला लागतं.

तुमच्यासाठी एकच काम आहे. शर्यत संपल्यावर ती तुमच्याकडे येईल तेव्हा पहिलं वाक्य टायमिंगबद्दल नको आणि दुसऱ्या मुलीबद्दल तर नकोच. टॉवेल द्या, पाणी द्या, कोचकडे पाठवा. घरी जाताना गाडीत ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर दुसरं काहीतरी बोला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच वही उघडेल. तेव्हा विचारा, पहिले पन्नास ठरवल्यासारखे गेले का? १ मिनिट ९ आलं तरी पहिले पन्नास ३२.३ ने गेले असतील तर तिने अवघड काम केलेलं आहे, आणि ते तुम्हाला दिसलं हे तिला कळू द्या.

राहिली दहावी. तेव्हा पोहणं पूर्ण बंद करू नका. पाण्याची जाण आणि खांद्यांची तयारी वर्षभराच्या खंडात जाते, आणि परत आल्यावर जुनी टायमिंग्ज दिसली की मुलं खचतात. आठवड्यातून तीन-चार दिवस, तासभर, तेवढं पुरतं. त्यात टर्न, स्ट्रोकची मोजणी, थोडी वेगाची पन्नासं. त्या वर्षी स्पर्धेत सर्वोत्तम वेळेची अपेक्षा ठेवायची नाही, हे तिला आणि कोचना जूनमध्येच सांगून टाका. एका वर्षाने काही हातचं जात नाही. साजन प्रकाशने जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लायमध्ये १ मिनिट ५६.३८ सेकंद वेळ देऊन ऑलिंपिकला थेट प्रवेश देणारा 'अ' निकष पार केला, असं करणारा तो पहिला भारतीय, आणि तेव्हा तो २७ वर्षांचा होता. जकार्ताला तो राष्ट्रीय विक्रम करणारा वीरधवलही मधली काही वर्षं तहसीलदाराच्या नोकरीमुळे नियमित सरावापासून दूर होता. परीक्षा मार्चमध्ये संपली की एप्रिलमध्ये उन्हाळी बॅचच्या गर्दीत तिला ढकलू नका, त्या गर्दीत नीट लॅप मिळत नाही. कोचकडून पहाटेची लेन मागून घ्या. पहिले तीन आठवडे घड्याळ लावू नका, रबरबँडचे खांद्याचे व्यायाम रोज, अंतर दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या, आणि मे उजाडला की पुन्हा आठ पन्नासचा तो सेट सुरू करा, पण सुरुवातीला ३८ सेकंदांनी.